उजवी कळी

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी बैल जेवायचा. मग दादा, मग थोरले चुलते आप्पा, मग आम्ही पोरं, आणि भांड्याला काही चिकटून राहिलं तर आई. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आईलाही नाही. दादा म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. तांबडं फुटायच्या आत डबा घेऊन चाकणच्या नाक्यावर जायचं, कंपनीची बस धरायची, दिवसभर लोखंड कातायचं आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी गोठ्यात शिरायचं, असा त्यांचा नेम. गोठ्यात पाखऱ्या होता. अंगावर करडे ठिपके, शिंगं देखणी, आणि स्वभाव म्हणाल तर जावयाचा. मानपानात जरा कमी पडलं की दावणीला फुरफुरत बसायचा. हा आमचा शर्यतीचा बैल. आमच्याकडं बैलगाड्यांची शर्यत घाटावर होते. घाट म्हणजे मातीची लांब चढण. दोन्ही अंगांना माणसांची दाटी, मधून गाडा सुटतो तो वर निशाणापाशीच थांबतो. गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. वर्षभर बैलाला घालायचं ते त्या एका बारीसाठी, आणि बारी तर बघता बघता संपते. शहरातली माणसं ह्याला हसतात. मी कधी हसले नाही, कारण पुढं मीही तसलाच धंदा केला.

पाखऱ्याचा खुराक हा घरातला मोठा विषय. उडदाच्या डाळीचा भरडा, गूळ, शेंगदाण्याची पेंड, दूध, आणि यात्रा जवळ आली की अंडी. अंडी पाजताना आप्पा त्याचं तोंड वर धरायचे, दादा नळकांड्यातून ओतायचे, आणि दोघं त्याच्याशी जे बोलायचे ते आम्हा पोरांशी जन्मात बोलले नाहीत. "घे रं माज्या राजा, घे." आम्हाला राजा कोण म्हणतंय! आम्हाला बाजरीची भाकरी, कांद्याची पात आणि हुलग्याचं माडगं. माडगं लागतं छानच म्हणा. आता पिंपळे गुरवला माझ्या सोसायटीतल्या बायका प्रोटीन, प्रोटीन करत पावडरींचे डबे घरात आणतात, तेव्हा मी त्यांना सांगते, अगं हुलगे शिजवा. त्या हसतात आणि लिफ्टमध्ये शिरतात. तर मी पळायला लागले आणि आईनं एक काम सुरू केलं. बैलाच्या चरवीतलं तांब्याभर दूध चुलीमागं माझ्यासाठी झाकून ठेवायचं आणि चरवीत तेवढंच पाणी घालायचं. मला म्हणायची, "गुमान पी. आन् ओठ पूस." मी ओठ पुसायची, पण गोठ्यावरून जाताना पाखऱ्याकडं बघायचं टाळायची.

पळायला कशी लागलात, हे लोक मला फार कौतुकानं विचारतात. त्यांना वाटतं, जिद्द वगैरे असणार. कसली डोंबलाची जिद्द! एसटी चुकायची. शाळा चाकणला, आणि कांद्याचे दिवस असले की गाडीत माणसांपेक्षा पोती जास्त. ड्रायव्हर आमच्या फाट्यावर गाडी थांबवायचाच नाही. मग मी दप्तर पोटाशी धरून शेतांतून आडवी धावायची आणि पुढच्या थांब्यावर गाडीच्या आधी जाऊन उभी राहायची. त्या गाडीत खिडकीशी आमचे खेळाचे सर बसलेले असत, मुलाणी सर. चाकणचेच ते, पण सकाळी आधी पलीकडच्या गावातल्या शाळेत कवायत घेऊन परत यायचे. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि हे मात्र कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून पोरांना मैदानात पळवणारे. एके दिवशी मला म्हणाले, "बाळ, नाव काय तुझं?" म्हटलं, "विमल." घरी मला सगळे इमल म्हणायचे, पण सरांना पुस्तकातलं नाव सांगितलं. सर म्हणाले, "गाडीच्या आधी पोचणारी पोरगी वर्गात बसवून मी करू काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्यांच्या बायकोनं, चाचींनी, मला पळायला अर्धी पँट शिवून दिली. अर्धी कसली, पोटऱ्यांपर्यंत यायची. चाचींना वाटलं, पोरीची लाज राखली पाहिजे. आणि मला वाटलं, जगात ह्याच्याहून आखूड काही नसेल.

तोवर आमच्या जिल्ह्यात मुलींना लांब पळवत नसत. पोरी घेरी येऊन पडतील, पुढं पोरंबाळं व्हायची नाहीत, अशी सगळी काळजी. त्या वर्षी प्रथमच मुलींची आठशे मीटर ठेवली, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. शेवटच्या रेघेपाशी पांढऱ्या कोटातला डॉक्टर आणि स्ट्रेचर घेतलेले दोन इसम उभे. कर्ण्यावरून सांगत होते, मुलींनो, चक्कर आल्यास बसून घ्या. सरांनी मला बजावलं होतं, सुरुवातीला आपल्याच पट्ट्यात राहायचं, पहिलं वळण संपलं की आत यायचं. मी घाबरून निम्मंच ऐकलं. सगळ्यांत बाहेरच्या पट्ट्यात होते, तिथूनच दोन्ही फेऱ्या मारल्या. बाकीच्या पोरी आतून जवळच्या वाटेनं पळतायत आणि मी आपली गावाबाहेरून. तरी पहिली आले. स्ट्रेचरवाल्यांची तोंडं उतरली. सर कपाळाला हात लावून हसत होते. "पुढच्या वेळी जवळच्या रस्त्यानं ये गं बाई," म्हणाले. घरी आल्यावर दादांनी गोठ्यातूनच विचारलं, "श्येवटाला दम ऱ्हातो का?" म्हटलं, "ऱ्हातो." त्यांनी पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली. ती मला होती असं मी समजले.

त्यानंतर मी दोन हंगाम धावले आणि बऱ्याचदा जिंकले. माझ्या वेळी फार पोरी नव्हत्याच म्हणा, पण ज्या होत्या त्या काही शोभेच्या नव्हत्या. मग राज्याच्या संघाची निवड पुण्यात व्हायची ठरली. त्यात आलेल्या पोरी दिल्लीला धावायला जाणार होत्या. दिल्ली! आमच्या घरातलं कुणी तोवर नाशिकच्या पुढं गेलं नव्हतं. सर म्हणाले, "विमल, एकदा ह्या संघात आलीस ना, की मग तुला परत चुलीपाशी बसवायला कुणाला जमायचं नाही. पण आत्ता नाही आलीस, तर मला काही करता येणार नाही." ते असं कधी बोलत नसत, म्हणून मला नीट कळलं. माझं दहावीनंतर काय, हे विचारायला आमच्याकडं दोन स्थळं आधीच येऊन चहा पिऊन गेली होती.

निवडीसाठी सरांना मला चढावर पळवायचं होतं, आणि चढ म्हटलं तर गावात घाटच. यात्रा जवळ आली की गाव घाटावरचे खडे वेचतं, पाणी मारतं, रूळ फिरवतं. अशी माती आख्ख्या तालुक्यात मिळायची नाही. पण घाटावर बाईमाणसाचा पाय पडत नाही. बाया शर्यतही बघायच्या त्या पलीकडच्या टेकाडावरून. सर माणूस रीतीचा. ते आधी गुरवाकडं गेले. घाटाच्या पायथ्याशी म्हसोबाचं देऊळ आहे, तिथली पूजा तात्या गुरवाकडं. तात्या म्हणाला, "नारळ फुटेपतुर माती हाय सर, नारळ फुटला की घाट. पळवा खुशाल." म्हणून यात्रेचा नारळ फुटेपर्यंत मी रोज सकाळी घाट चढले. गावानं बघितलं, कुणी काही बोललं नाही. उलट पोरं चिडवायची, "आप्पा, ह्या वर्षी पाखऱ्यासंगं इमललाच जुपा, फळी फोडंल!" फळी फोडणं म्हणजे पहिला नंबर काढणं. आप्पासुद्धा हसले होते. मला आठवतंय ना, हसले होते.

यात्रेच्या दिवशी आमची बारी दुपारी लागली. दादांनी नवा फेटा बांधला होता, आप्पांनी गुलाल भरलेला हात पाखऱ्याच्या कपाळाला लावला. मी टेकाडावर आईशेजारी. गाडा सुटला आणि कर्ण्यावरचा माणूस ओरडायला लागला. पाखऱ्या असा निघाला की आईनं माझा दंड घट्ट धरला. आणि घाटाच्या मध्यावर तो गुडघ्यांवर आला. का आला, देव जाणे. पाय मुरगळला असेल, ओल जास्त झाली असेल. गाडा तिरका झाला, माणसं बाजूला पळाली, कर्णा एकदम मुका झाला. बैल उठला, पण पुढचा पाय टेकवेना. दादा त्याच्या मानेला धरून त्याला चालवत खाली घेऊन आले. लोकांनी वाट करून दिली. संध्याकाळी पारावर कुणीतरी बोललं, घाटाला पोरीचा पाय लागला होता. पहिल्यांदा कोण बोललं, ते आजतागायत कळलेलं नाही. सकाळपर्यंत सगळं गाव तेच बोलत होतं.

मला वाटलं, आता दादा पट्टा काढतील. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. आप्पा गोठ्यात पाखऱ्याच्या पायाला हळद-तेलाचा लेप देत बसले होते, वर मानच करेनात. पुण्याची निवड दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती, माझी आठशे त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी. भावकीतले चारजण येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, पोरगी पुण्याला जाणार म्हंजी काय, देवाचा कोप असला तर अजून काय काय बघायचं? दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "देवालाच इचारू. त्यो व्हय म्हनला, की मग कुनाच्या बापाची टाप न्हाई." तेव्हा मला कळलं, की हा माणूस मला अडवायची नाही, पाठवायची वाट शोधतोय. म्हातारी झाल्यावर माणसं आईबापांवर रागवायला शिकतात असं मी ऐकते. मी प्रयत्न करून बघितला. त्या दिवसापाशी आले की जमत नाही.

म्हसोबा म्हणजे काही मूर्ती नव्हे. शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड, त्याला चांदीचे डोळे. त्याला कौल लावायचा म्हणजे मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून दगडाच्या दोन अंगांना चिकटवायच्या. पाणी वाळत जातं तशी एक कळी सुटते. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सोयरीक, विहीर, बैलाचा सौदा, सगळं गाव असंच विचारून करतं, आणि तोंडातलं पान संपायच्या आत देव उत्तर देतो असा अनुभव. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे देवळात जमले. तात्यानं कळ्या लावल्या आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हसोबा, लक्षिमनाच्या पोरीचा पाय घाटाला लागला. तुजा कोप आसंल तर डावी दे. नसंल तर उजवी दे, पोरगी पुन्याला जाईल." मुलाणी सर मला न्यायला आले होते. दुपारच्या एसटीनं पुण्याला जायचं, त्यांच्या बहिणीकडं मुक्काम करायचा आणि सकाळी मैदान, असं ठरलं होतं. ते आत आले नाहीत, चिंचेखाली सायकल लावून उभे राहिले. मी बाहेर आले तर हळूच म्हणाले, "विमल, उजवी म्हणजे कुणाची गं? देवाची का आपली?" म्हटलं, "देवाची." त्यांनी मान हलवली आणि मनात काहीतरी जुळवलं. मला त्याही वेळी हसू आलं.

पान संपलं. दुसरंही संपलं. भावकीतल्या लोकांनी मांडी बदलली. दोन्ही कळ्या लावल्या तिथंच. ऊन वर आलं, देवळाचा पत्रा तडतडायला लागला, आणि तात्या गुरवानं एकदम कपाळावर हात मारला. यात्रेसाठी त्यानं देवाला नवा शेंदूर चढवला होता, तेलात कालवून, जाड. त्या ओल्या चिकट शेंदरात कळ्या रुतून बसल्या होत्या. "माजा बा म्हनायचा, यात्रंच्या शेंदराला कौल लावू नगा," तात्या म्हणाला. "माज्या ध्येनातच न्हाई आलं रं लक्षिमना." आता आली का पंचाईत! सगळ्यांना कळलं की कळ्या का पडत नाहीत, आणि कुणालाच काही करता येईना. लावलेली कळी काढणं म्हणजे बोलणाऱ्या देवाच्या तोंडावर हात ठेवणं. आणि कौल लावलेला असताना ते काम करणं म्हणजे न विचारता करण्याहून वाईट. दादा समोर बसून राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी बाहेर पायरीवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आता सकाळी मैदानावर पळायला येणाऱ्या पोरी मला विचारतात, "आजी, मग तुम्ही सरळ पळून का नाही गेलात?" अगं भवान्यांनो, पळणारीलाच तर पळून जाता येत नव्हतं. गेले असते तर दादांना त्या गावात पाणी भरायची चोरी झाली असती, आणि सरांना तर चाकण सोडावं लागलं असतं. मी सरांकडं गेले. म्हटलं, "सर, तुम्ही सांगा ना दादांना. तुमचं ऐकतील." सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी एक शब्द बोललो ना बाळ, तर ही गोष्ट तुझ्या पळण्याची राहायची नाही. मुलाण्यानं देवाचा कौल मोडायला लावला, अशी होईल." मग त्यांनी सायकलच्या हँडलची पाण्याची बाटली काढून मला दिली. "पाणी पी. पाय हलते ठेव." म्हणून मी चिंचेखाली जागच्या जागी पाय हलवत राहिले. काय करणार!

दुपारी आई नैवेद्याचं ताट घेऊन आली. दारात मला बाजूला घेतलं, तोंड पदरात धरलं आणि म्हणाली, "इमल, आपन देवाला खोटाच सवाल घातलाय. बैलाचं दूध मी तुला पाजीत व्हते. त्यो गुडघ्यावं आला त्यो माज्यामुळं." म्हटलं, "मग सांग ना दादांना." आई म्हणाली, "सांगू? आन् मग?" तिला त्याच घरात, त्याच गोठ्यापाशी, आप्पांच्या समोर उभा जन्म काढायचा होता. ती आत गेली, ताट ठेवलं, आणि उठता उठता पदराआडून समई देवाच्या उजव्या अंगाला सरकवली. अगदी जवळ. तात्यानं ते बघितलं आणि मान वर करून पत्र्यातली पाल शोधायला लागला. मी दारातून बघत होते. समईच्या आचेनं शेंदूर चकाकायला लागला, पातळ झाला, आणि उजवी कळी हलली. खाली सरकली, बोटभर. दादा गुडघ्यांवर उठले. भावकीतला एकजण "पडली, पडली" म्हणाला. बाहेर सरांनी सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. आणि कळी थांबली.

सगळे दादांकडं बघायला लागले. तात्या म्हणाला, "पडल्यातच जमा हाय, लक्षिमना. देवाचा ओढा कळला. जाऊ दे पोरीला." खरं सांगते, भावकीतले चारही जण गप्प होते, सकाळपासून बसून त्यांच्याही पायांना मुंग्या आल्या होत्या, कुणी अडवलं नसतं. नुसतं दादांनी हो म्हणायचं होतं. दादा कळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सरकली. पडली न्हाई." तात्या पुन्हा काही बोलायला गेला तर म्हणाले, "न्हाई तात्या. उद्या पोरगी जितली तरी लोक म्हनतील, बापानं देवाला बी ढकलला. पडू दे. पडंल." आणि हात जोडून पुन्हा बसले. मी मोठ्यानं ओरडले की नुसतं मनात, ते मला आता सांगता येत नाही.

एसटी गेली. सर शेवटपर्यंत थांबले, मग म्हणाले, मी एकटा पुढं जातो, निवडीवाल्यांना विचारून बघतो. म्हटलं, "थांबतील?" सर म्हणाले, "विचारतो." त्यांचा चेहराच सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातलं शेण काढलं, पाखऱ्याचा लेप बदलला, त्याला पाणी दाखवलं. त्यातल्या कुठल्यातरी कामात असताना माझी शर्यत पुण्यात सुटली आणि संपली. नेमकी कधी, ते कळायला काही मार्ग नव्हता. मी उगीच मधून मधून थांबायची आणि पुण्याच्या दिशेला बघायची.

ऊन कलल्यावर दादांची हाक आली. शेतातून आडवे, अनवाणी पळत येत होते. माझ्या बापाला पळताना मी तेवढंच बघितलं. "उजवी! इमल, उजवी दिली गं देवानं! उजवी!" त्यांच्या तळव्यावर कळी होती, तपकिरी झालेली, शेंदरानं माखलेली. आई दारात आली, तिनं दादांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घरात गेली. दादांना दिवस कळत नव्हता असं नाही. कंपनीच्या भोंग्यावर जगणारा माणूस तो. पण दोन दिवस उपाशी बसून देवाकडून मागून आणलेलं ते, ते वाया गेलंय असं त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच सांगितलं. ते म्हणाले, "उद्या बी मी खाडा करतो. आपन जाऊ." मी म्हटलं, "बरं."

पहिल्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो. दादांनी धुतलेला शर्ट आणि टोपी घातली होती, माझी पिशवी मला उचलू दिली नाही. मैदानात एकच माणूस होता, रबरी नळीनं गवताला पाणी मारत होता. पट्ट्यांच्या पांढऱ्या रेघा निम्म्या पुसल्या होत्या. दादा त्याच्याजवळ गेले आणि कंपनीच्या गेटवर उशीर झालेला कामगार टाइमकीपरपुढं उभा राहतो तसे उभे राहिले. "साहेब, पोरगी आणलीय. आठशेची. हिला कुठं उभी करायची?" तो म्हणाला, "मामा, ते परवा सुरू झालं आणि काल आटपलं. पोरी निवडून झाल्या." दादा म्हणाले, "व्हय, ते हाय. पर देवानं जरा उशीर केला. पोरीची काय चूक न्हाई." त्या माणसानं नळी खाली धरली. दादा जरा पुढं सरकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "साहेब, दोन फेऱ्या असत्यात. दोन न्हाई तर एक तरी लावा. आमच्या कंपनीत बी उशीर झाला तर हाफ डे लावत्यात, पर माणसाला आत घेत्यात." तो बिचारा म्हणाला, "मामा, मी माळी आहे. माझ्या हातात काय असतंय?"

दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. इकडं तिकडं बघायला लागले, की दुसरा कुणी साहेब दिसतो का. शर्यत गेल्याचं दुःख मला पुढं झालं, फार झालं, आजही एखाद्या दिवशी होतं. पण त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं, की माझ्या बापानं हे पुन्हा कुणापुढं मागू नये. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली. म्हटलं, "दादा, चला घरी. मला न्हाई पळायचं." त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "न्हाई पळायचं?" "न्हाई." "खरंच?" म्हटलं, "व्हय. कटाळा आलाय." त्यांनी केवढा मोठा श्वास सोडला! फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला, आणि घरी येईपर्यंत कांद्याच्या रोपांबद्दल बोलत राहिले.

संध्याकाळी मुलाणी सर आले. पुण्याला त्यांनी कुणाकुणाचे पाय धरले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे. मी तिला तयार करतो." दादा हसून म्हणाले, "आवो सर, तिलाच न्हाई पळायचं. सोताच्या तोंडानं म्हनली. मी म्हनलं, तुज्या मनाविरुद्ध काय न्हाई." सरांनी माझ्याकडं बघितलं. "विमल? तू म्हणालीस असं?"

दादा शेजारीच उभे होते. दोन दिवसांच्या उपासानं त्यांचे गाल बसले होते आणि तोंडावर मात्र समाधान होतं. मी मान हलवली, हो म्हणून. सरांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली, मग पांढऱ्या पँटवरची धूळ झटकून ते सायकलवर बसले. आमच्या घराण्यात आजही कुणी विचारलं तर हेच सांगतात, की इमलला पुण्या-दिल्लीला पाठवायला बाप तयार होता, देवसुद्धा तयार होता, तिलाच पळायचं नव्हतं.